चौदा जणी, पाच दिवस आणि पूजेतले कोलकाता

प्रश्न : आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगर भागातील चौदा जणी कित्येक वर्षांपासून एका भिशीत आहोत. यंदा नवरात्रात कोलकात्याची दुर्गापूजा पाहायला जायचे ठरले असून सगळी जुळवाजुळव माझ्याकडे आली आहे. आमची वये बेचाळीस ते शहात्तर आहेत. दोघींच्या गुडघ्यांची तक्रार आहे, एकीचा नऊ दिवसांचा उपवास असतो आणि चौघींच्या घरी घट बसतात. एका मैत्रिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. बाकीच्यांना दशमीचा सिंदूर खेला, म्हणजे सुवासिनींचा शेंदराचा खेळ, पाहायचा आहे, खेळायचाही आहे. अशा वेळी तिचे काय, हे कोणी उघड बोलत नाही, पण माझ्या मनातून ते जात नाही. प्रवास कंपनीने षष्ठी ते दशमी असा कार्यक्रम पाठवला आहे; त्यात दिवसा रोज पाच-सहा स्थळे आणि रात्री वीस मंडप आहेत. मागच्या सहलीत एकमेकींसाठी ताटकळत राहण्यावरून रुसवेफुगवे झाले, ते पुन्हा नकोत. काय करावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, पत्रासोबत तुम्ही जोडलेला कार्यक्रम लक्षपूर्वक वाचला. तो आहे तसा स्वीकारू नका, ही माझी पहिली विनंती. तो आखणाऱ्याने एरवीच्या कोलकात्यातील प्रेक्षणीय स्थळांची यादी घेतली आहे आणि तिच्याखाली मंडपांची दुसरी यादी जोडून दिली आहे. परंतु पूजेच्या दिवसांत एरवीचे कोलकाता तिथे नसतेच. दुपारनंतर अनेक रस्त्यांवर वाहनांना मज्जाव असतो, टॅक्सी हॉटेलच्या दारापर्यंत येईलच असे नसते, आणि एरवी अर्ध्या तासात कापले जाणारे अंतर कापायला संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दिवसभर सहा ठिकाणी उतरून-चढून आलेल्या बायका रात्री वीस मंडप पाहू शकत नाहीत. बेचाळीस वर्षांच्या मैत्रिणीलाही ते जमणार नाही, मग शहात्तर वर्षांच्या आजींची गोष्टच सोडा. त्या दिवसांत पाहायचे ते खुद्द शहर आणि त्याचा उत्सव. युनेस्कोने 2021 च्या डिसेंबरात या उत्सवाची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली, तीही ‘कोलकात्यातील दुर्गापूजा’ अशी, शहराच्या नावासह. त्यामुळे स्थळांची यादी कापताना आपण काही गमावत आहोत असे वाटून घेऊ नका.

गर्दी आणि जागरण इंदूरकरांना नवे नाही, असे तुमच्यातील काही जणी म्हणतील आणि ते खरेही आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे गिरण्यांचे रोषणाईचे चित्ररथ, पाहायला आपण लहानपणापासून रात्र रात्र उभे राहत आलो आहोत. हुकुमचंद, मालवा, राजकुमार या गिरण्यांचे भोंगे थांबले तरी कामगारांनी झांक्या थांबू दिल्या नाहीत. मात्र एक मोठा फरक आधीच ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडे आपण ओट्यावर किंवा एखाद्या ओळखीच्या गच्चीवर जागा धरून बसतो आणि झांकी आपल्या पुढून जाते. कोलकात्यात देवी जागेवर असते आणि लाखो माणसे चालत राहतात. तिथे बसून पाहता येत नाही. एका मंडपाची रांग बांबूच्या कठड्यांमधून वळणे घेत अर्धा-पाऊण तास चालवते, प्रत्यक्ष मूर्तीसमोर मिनिटभर मिळते, आणि स्वयंसेवक ‘पुढे चला’ म्हणत राहतात. म्हणून या सहलीचा सगळा हिशेब पायांच्या ताकदीवरून मांडावा, स्थळांच्या संख्येवरून नव्हे.

आता तारखांविषयी. मला षष्ठी ते दशमी हा काळच बदलावासा वाटतो. तुम्ही घटस्थापना आपापल्या घरी करा, द्वितीयेला इंदूर सोडा, चतुर्थीपासून सप्तमीपर्यंत कोलकात्यात राहा आणि दसऱ्याला घरी या. पूर्वी षष्ठीला देवीचे बोधन, म्हणजे तिला जागवण्याचा विधी, झाल्यावर मंडपांत खरी वर्दळ सुरू होत असे. अलीकडे मोठ्या मंडपांची उद्घाटने महालयेपासूनच, म्हणजे सर्वपित्री अमावास्येपासूनच, होऊ लागली आहेत आणि तृतीया-चतुर्थीला बहुतेक नामांकित मंडप पाहायला खुले असतात. म्हणजे रोषणाई तीच, मूर्ती तीच, देखावा तोच, आणि अष्टमी-नवमीच्या मानाने गर्दी कमी. या बदलाची किंमतही सांगतो. अष्टमी संपताना आणि नवमी लागताना प्रत्येकी चोवीस मिनिटे मिळून अठ्ठेचाळीस मिनिटांची जी संधिपूजा होते, एकशे आठ कमळे आणि एकशे आठ दिवे ज्या पूजेत लागतात, ती तुम्हाला पाहायला मिळणार नाही. बेलूर मठातील अष्टमीची कुमारी पूजा, जी स्वामी विवेकानंदांनी 1901 मध्ये तिथे सुरू केली, तीही हुकेल, आणि सिंदूर खेलाही. त्याबदली जे मिळेल ते कमी नाही. पंचमीच्या सुमारास सियालदह स्थानकाबाहेर गावोगावचे ढाकी जमतात. पिसांचे तुरे लावलेले मोठाले ढाक खांद्याला अडकवून, कोणत्या तरी मंडळाचे लोक येऊन आपल्याला ठरवून नेतील या आशेने ते वाजवत उभे असतात, आणि कित्येकांसोबत कांस्याची थाळी वाजवणारा एखादा लहान मुलगा असतो. षष्ठीला संध्याकाळी बोधन पाहता येईल. सप्तमीला पहाटे गंगेच्या घाटावर केळीच्या रोपाला स्नान घालून, लाल काठाची पांढरी साडी नेसवून, ढाकाच्या गजरात मिरवत आणतात आणि मंडपात गणपतीच्या शेजारी उभे करतात. नऊ वनस्पती एकत्र बांधलेली ती नवपत्रिका. पण साडीचा पदर डोक्यावरून पुढे ओढलेली, किंचित वाकलेली ती केळ एखाद्या नव्या सुनेसारखी दिसते आणि लोक तिला ‘कला बऊ’ म्हणजे केळीची सूनच म्हणतात. हे पाहायला पहाटे उठावे लागते, पण चालावे फार लागत नाही, आणि तुमच्या वडीलधाऱ्या दोघींनी हे चुकवू नये.

ज्या चौघींकडे घट बसतात त्यांच्याविषयी मंडळात कुजबूज सुरू असेल तर ती थांबवण्याचे काम तुमचे. ‘एक वर्ष नाही बसवले तर काय बिघडते’ असे त्यांना कोणी म्हणू नये, आणि ‘तुला जावेसेच कसे वाटते’ असेही कोणी म्हणू नये. घटाला रोज माळ घालणे, दिव्यात तेल पाहणे, संध्याकाळची आरती करणे ही घराची कामे आहेत, एकट्या बाईची नव्हेत. यजमानांनी पूजा करणे ही तर जुनीच रीत आहे. ज्यांच्या घरी हे करणारे कोणी माणूस आहे त्यांनी निश्चिंतपणे यावे. ज्यांच्या घरी मागे कोणीच राहणार नाही त्यांनी आपल्या गुरुजींना किंवा घरातील थोरल्यांना विचारावे. नऊ रात्री शक्य नसतील तर पंचरात्र, त्रिरात्र किंवा एकरात्र असे पर्याय परंपरेनेच ठेवलेले आहेत. कुलूप लावलेल्या घरात अखंड दिवा तेवत ठेवून मात्र कोणीही निघू नये. पडदा, लाकडी देव्हारा आणि उघडी ज्योत यांना इतके दिवस एकटे सोडणे धोक्याचे आहे. अष्टमीला घागर फुंकण्याचा किंवा नवमीला सवाष्ण-कुमारिकेचा कुळाचार ज्यांच्याकडे अटळ आहे, त्यांनी षष्ठीला रात्रीच विमानाने परतावे, आणि त्यासाठी त्यांच्याकडे कोणी नाराजीने पाहू नये.

तुमच्या त्या मैत्रिणीविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत जिव्हाळ्याची ओळ तीच आहे. दशमीला देवीला निरोप देताना सुवासिनी तिच्या कपाळाला आणि पायांना शेंदूर लावतात, तिच्या तोंडाला मिठाई लावतात आणि मग एकमेकींच्या भांगात आणि गालांवर शेंदूर फासतात. रीतीप्रमाणे तो सुवासिनींचाच खेळ आहे. अलीकडे काही ठिकाणी विधवा स्त्रियांनाही त्यात मानाने बोलावले जाऊ लागले आहे, पण ते सर्वत्र होत नाही, आणि अनोळखी शहरातील अनोळखी मंडपात तुमच्या मैत्रिणीशी कोण कसे वागेल याची हमी तुम्ही देऊ शकत नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्याच घरांत, आपल्याच बायकांनी तिला कुठे बसवले असेल, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन वर्षे म्हणजे फार दिवस झालेले नाहीत.

मी सुचवलेल्या तारखा घेतल्या तर दशमी आपोआप टळते. परंतु हा विषय त्या आडोशाला लपवू नका. तिच्या नकळत ‘तिच्यासाठी’ कार्यक्रम बदलला आणि हे पुढे तिच्या कानावर गेले, तर आपल्यामुळे तेरा जणींचा आनंद गेला हे ओझे ती कायम वाहील. म्हणून तारखांची चर्चा मंडळात होण्यापूर्वी तुम्ही एकट्याच तिच्याकडे जा. फोनवर किंवा भिशीच्या दिवशी सगळ्यांसमोर हे बोलू नका. तिला सरळ विचारा की सिंदूर खेला आहे, बाकीच्यांना तो पाहायची इच्छा आहे, तुला काय वाटते. कदाचित ती म्हणेल की मला लांबून पाहायला आवडेल. कदाचित म्हणेल की तुम्ही जा, मी त्या वेळी दक्षिणेश्वरला जाईन, आणि सोबत एखादी मैत्रीण आली तर बरे. कदाचित ती रडेल आणि काहीच सांगणार नाही. तिचे उत्तर जे असेल ते खरे धरा. ‘असे कसे, तू यायलाच हवे’ असा आग्रह करू नका आणि तिच्या वतीने धीटपणाही दाखवू नका. ती येणार असेल आणि मंडळाने दशमीपर्यंत राहायचे ठरवलेच, तर त्या सकाळी ती एकटी खोलीवर बसून राहणार नाही, तिच्यासोबत स्वखुशीने राहणारी कोणी तरी असेल, एवढे आधीच ठरलेले असू द्या. सिंदूर खेला न झाल्यामुळे तुमची सहल फसणार नाही. त्यापायी ती मैत्रीण दुखावली गेली तर मात्र भिशीत पुन्हा पूर्वीसारखे बसणे अवघड होईल.

रुसवेफुगवे का होतात याचे उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. चौदा जणी एकाच दोरीला बांधल्यासारख्या हिंडल्या की जी सर्वांत सावकाश चालते तिला अपराधी वाटते आणि जी सर्वांत भरभर चालते तिला राग येतो. म्हणून दिवसाचे भाग पाडा. सकाळ सर्वांची मिळून असावी, दुपारी जेवणानंतर सक्तीची विश्रांती असावी आणि रात्र दोन तुकड्यांची असावी. कोणत्या रात्री कोणत्या तुकडीत जायचे हे ज्याने त्याने ठरवावे, आणि तुकडी बदलल्याबद्दल कोणालाही कारण विचारू नये.

सकाळच्या वेळेचे मोल फार मोठे आहे. मूर्ती आणि मंडप दिवसाही तिथेच असतात, फक्त रोषणाई नसते. आणि कापड, बांबू, ताग, माती यांतून कारागिरांनी केलेले बारीक काम उजेडातच नीट दिसते. सकाळी सात ते अकराच्या दरम्यान गेलात तर गुडघे दुखणाऱ्या दोघीही चार मंडप पाहू शकतील. उत्तर कोलकात्यातील जुन्या वाड्यांच्या पूजाही सकाळीच पाहाव्यात. शोभाबाजारच्या राजवाड्यातील पूजा राजा नवकृष्ण देव यांनी 1757 मध्ये, म्हणजे प्लासीच्या लढाईच्याच वर्षी, सुरू केली. कमानींचा उंच ठाकुरदालान म्हणजे पूजेची ओसरी, समोर मोकळे अंगण आणि एकाच प्रभावळीत लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिकेय यांच्यासह उभी असलेली देवी असे त्या पूजेचे रूप आहे. शेजारच्या कुमारटुलीत मूर्तिकारांच्या गल्ल्या आहेत. दुर्गेच्या मूर्ती तोवर मंडपांत गेलेल्या असतील, पण पाठोपाठ कोजागरीची लक्ष्मीपूजा आणि दिवाळीची कालीपूजा येते, त्यामुळे पेंढ्याचे सांगाडे आणि ओल्या मातीच्या मूर्ती तुम्हाला तिथे दिसतील. जवळच बागबाजारची जुनी सार्वजनिक पूजा आहे. तिथे दरवर्षी नवनवे देखावे नसतात, ‘डाकेर साज’ म्हणजे रुपेरी वर्खाच्या दागिन्यांनी सजवलेली परंपरागत मूर्ती असते, आणि मला कोलकात्यातील सगळ्या मूर्तींत तीच अधिक भावते. त्याच भागात ‘मराठा डिच’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने 1742 मध्ये तिथे खंदक खणायला घेतला होता, त्याची ती खूण. मराठी बायकांनी तिथे क्षणभर थांबून तो इतिहास आठवावा. बंगालमध्ये आजही मुलांना झोपवताना ‘बारगी आले’, म्हणजे मराठा घोडेस्वार आले, असे गातात.

यादीतील इतर स्थळांपैकी दोनच ठेवा. चतुर्थीला सकाळी व्हिक्टोरिया मेमोरियल पाहावे. ते सोमवारी बंद असते आणि सणाच्या दिवसांत कधी उघडे आहे हे आधी तपासून घ्यावे. दुसऱ्या एका सकाळी राणी रासमणींनी बांधलेले, 1855 मध्ये प्रतिष्ठापना झालेले दक्षिणेश्वरचे कालीमंदिर पाहावे आणि तिथून नावेने बेलूरला जावे. सायन्स सिटी, प्राणिसंग्रहालय, स्टेडियम हे सगळे काढून टाका. हावडा पूल वेगळा पाहायला जाण्याची गरज नाही, येता-जाता तो दिसतोच.

रात्री फिरणाऱ्या तुकडीने एका रात्री शहराचा एकच भाग धरावा. उत्तरेसाठी शोभाबाजार आणि महात्मा गांधी रोड ही मेट्रो स्थानके सोयीची आहेत. कॉलेज स्क्वेअरच्या तळ्यात पडणारे रोषणाईचे प्रतिबिंब आणि महंमद अली पार्क याच भागात येतात. दक्षिणेसाठी कालीघाट स्थानकावर उतरले की बादामतला, देशप्रिय पार्क आणि पुढे एकडालिया, सिंघी पार्क असे चालत जाता येते. एका रात्री पाच-सहा मंडप भरपूर झाले. ज्या मंडपाचे नाव त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी असेल तो संध्याकाळी टाळा. 2015 मध्ये देशप्रिय पार्कमध्ये अवाढव्य मूर्तीची एवढी जाहिरात झाली की पंचमीलाच गर्दी आवरेनाशी झाली आणि पोलिसांना ते दर्शन बंद करावे लागले. पंचमी म्हणजे सुरक्षित, असे त्यामुळे समजू नका. मेट्रो हाच त्या दिवसांतील भरवशाचा मार्ग आहे. सप्तमी ते नवमी ती दुपारपासून पहाटेपर्यंत धावते, त्यामुळे त्या दिवशी सकाळी मात्र ती मिळेलच असे नाही. 2024 पासून हावडा स्थानकावरून हुगळीच्या तळाखालून एस्प्लनेडला जाणारी मेट्रोही सुरू झाली आहे, तेव्हा सामान थोडके असेल तर हावड्याच्या टॅक्सीच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही.

चुकामूक कुठे होते हे समजून घेतले तर ती टाळता येते. मंडपात शिरण्याची वाट एका गल्लीतून असते आणि बाहेर पडण्याची भलत्याच गल्लीत. मागे वळू दिले जात नाही, आणि गर्दीत फोन लागत नाही. त्यामुळे ‘मंडपाच्या दाराशी भेटू’ असे कधीही ठरवू नका. त्या रात्रीचे मेट्रो स्थानक आणि त्याच्या कितव्या दाराशी थांबायचे, हे निघण्यापूर्वी ठरवावे. चुकलेल्या बाईने शोधत न फिरता सरळ तिथे जावे. प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत हॉटेलचा पत्ता बंगालीत लिहिलेली चिठ्ठी, दोन मैत्रिणींचे क्रमांक, रोजच्या औषधांची नावे आणि थोडी सुटी रक्कम असावी. मंगळसूत्र घरी ठेवायचे की पोलक्याच्या आत घालायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, बाकीचे सोने इंदूरलाच राहू द्या. नव्या चपला घालून निघू नका. त्या दिवसांत दमट उकाडा असतो आणि अचानक पाऊसही येतो. शौचालयाचा प्रश्न बायका संकोचाने बोलत नाहीत आणि मग पाणी कमी पितात. त्यापेक्षा हॉटेलातून निघताना, जेवणाच्या ठिकाणी आणि परतताना असे थांबे कार्यक्रमातच लिहून टाका.

वडीलधाऱ्या मंडळींना रात्रीची रोषणाई पाहायचीच असेल तर राज्याच्या परिवहन आणि पर्यटन खात्यांतर्फे पूजा परिक्रमेच्या बसगाड्या सोडल्या जातात, त्यांची आरक्षणे आधी काढावीत. कोलकाता पोलीस दरवर्षी मंडपांचा आणि वाहतुकीचा नकाशा काढतात, तोही मिळवून ठेवावा.

हॉटेल भवानीपूर किंवा कालीघाट परिसरात घ्या. भवानीपुरात गुजराती वस्ती मोठी असल्यामुळे शाकाहारी जेवण सहज मिळते. बडाबाजारात मारवाडी भोजनालये आहेत. पूजा म्हणजे शाकाहार, हे आपले गणित तिथे लागू नाही. देवीच्या मंडपाबाहेरच मासे आणि मटण विकले जाते, आणि त्यात बंगाली माणसाला काहीही विसंगत वाटत नाही. तुमच्या मंडळातील कोणी त्यावर नाके मुरडू नयेत, हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. दुपारी मंडपात मिळणारा खिचडी, लाब्रा म्हणजे मिसळीची भाजी, आणि चटणीचा भोग मात्र जरूर घ्यावा. उपवास करणाऱ्या मैत्रिणीने फराळी खिचडीच्या भरवशावर राहू नये. आपल्या सराफ्यातील खाऊगल्लीत मिळते तशी ती तिथे कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळत नाही. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे, खजूर आणि भगर सोबत असावी, फळे आणि दही तिथे मिळेलच. तिला मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर नऊ दिवस उपवास आणि रोजचे चालणे एकत्र जमेल का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिने निघू नये.

तिकिटांबाबत उशीर करू नका. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते आणि पूजेच्या गाड्या पाहता पाहता भरतात. इंदूरहून हावड्याला जाणारी क्षिप्रा एक्सप्रेस रोज नसते आणि प्रवास तीस तासांच्या आसपासचा आहे, हे लक्षात घेऊन तारखा जुळवा. द्वितीयेला गाडी नसेल तर एक दिवस पुढेमागे सरकावे. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे तुमची किमान तीन तिकिटे होतील. त्यातही गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोघींचे तिकीट वेगळे, दोघींचेच काढा, कारण पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी असलेला खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हाच मागता येतो. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातील सवलत 2020 पासून बंद आहे, तेव्हा तो आकडा अंदाजपत्रकात धरू नका.

शेवटी तुमच्याविषयी. सगळी जुळवाजुळव तुमच्याकडे आली म्हणजे सगळा दोषही तुमच्याकडे येणार, आणि हे तुम्ही एकटीने पत्करू नये. पैशांचा हिशेब दुसऱ्या मैत्रिणीकडे द्या. प्रत्येकीने सारखी रक्कम आधी जमा करावी, सामायिक खर्च त्यातून व्हावा आणि खरेदी ज्याची त्याने करावी. आयत्या वेळी कोणी गळाली तर तिच्या तिकिटाचे आणि खोलीचे पैसे तिचेच जातील, हे पैसे घेतानाच सर्वांना लिहून कळवा. औषधांची पेटी आणि वडीलधाऱ्यांची सकाळची गाडी तिसरीकडे सोपवा. रात्रीच्या दोन्ही तुकड्यांना एकेक म्होरकी असावी, आणि परत फिरायची वेळ तिने सांगितली की वाद न घालता सर्वांनी फिरावे. तुम्ही स्वतः निदान एका रात्री म्होरकी नसाल, अशी पाळी लावून घ्या.

प्रवास कंपनीला हा बदललेला आराखडा दाखवा. तिने दिवसांची अदलाबदल आणि स्थळांची छाटणी मान्य केली तर उत्तम. ‘ठरलेला कार्यक्रम बदलत नाही’ असे उत्तर आले तर तिच्याकडून फक्त हॉटेल आणि सकाळची गाडी घ्या, बाकीचे तुम्ही चौदा जणी करू शकाल. त्या मैत्रिणीकडे मात्र या आठवड्यातच जाऊन या, कंपनीला फोन करण्याच्या आधी.